बंद होस्टेलची वीज

१

मेलेल्या माणसावर आळ घेण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. तो उठून "साहेब, मी नाही केलं" म्हणत नाही, वकील आणत नाही, साधा रडतसुद्धा नाही. भिलाईच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात नेमकं हेच चाललं होतं, आणि तेही मोठ्या सभ्यपणे, एसीच्या गारव्यात, चहा-बिस्किटं खात.

गीतांजली उमाठेंच्या पुढ्यात एका अहवालाचा कच्चा मसुदा होता. कॉलेजचा कार्बन फूटप्रिंट. साध्या भाषेत सांगायचं तर कॉलेजची वीज, बसचं डिझेल, मेसचा गॅस यांच्यापायी किती धूर आभाळात गेला, त्याची मोजदाद. महामारीच्या आधी किती, महामारीत किती आणि नंतर किती. बाईंची सारी नोकरी स्टील प्लांटच्या ऊर्जा विभागात गेली होती, म्हणून निवृत्तीनंतर असले अहवाल तपासायला लोक त्यांना स्मृति नगरच्या घरून बोलावून नेत. बाई तिरसट, पण कामाला चोख. त्यांचं बोट एका ओळीवर अडलं होतं.

"होस्टेल क्रमांक दोन : लॉकडाऊनमध्ये बंद. तरीही एप्रिल २०२१ मध्ये मोठा वापर. कारण : तत्कालीन केअरटेकर दिवंगत जानराव गजभिये यांनी केलेली वीजचोरी."

"हे कोणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"ठरवायचं काय त्यात, मॅडम?" संचालक डॉ. प्रशांत मोहरील आलेखावर बोट ठेवून हसले. "बाकीचं कॉलेज बघा, कसं झपकन खाली आलंय. अर्ध्याहून कमी! त्या वर्षी आपण किती हिरवे झालो होतो. हा एकच डोंगर मध्ये उभा राहून सगळं चित्र बिघडवतो."

"हिरवे कसले डोंबलाचे, सर? पोरं घरी गेली, पंखे घरी फिरले, मोबाइलवरचे वर्ग घरच्या विजेवर चालले. आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटायचा आणि म्हणायचं, बघा आमचं अंगण कसं स्वच्छ!"

मोहरील जरा वरमले, पण हटले नाहीत. "बरं, ते राहू द्या. होस्टेलची चावी जानरावकडे. एप्रिलच्या शेवटी तो कोरोनानं गेला आणि लगेच वीज थांबली. चोर गेला, चोरी थांबली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पुरावा तर खरंच बिनतोड वाटत होता. पण या ओळीला एक शेपूट होतं. जानरावची मुलगी निशा बापाच्या जागी कॉलेजच्या लायब्ररीत रोजंदारीवर काम करत होती, आणि तिला कायम करायचा कागद शुक्रवारी समितीपुढे येणार होता. चोराच्या मुलीला बापाची जागा कोण देणार? ही एक ओळ राहिली की बापाचं नावही गेलं आणि मुलीची नोकरीही गेली.

बाई बाहेर पडल्या तर निशा व्हरांड्यात उभी. तिच्या कानावर गेलंच होतं. कॉलेजात भिंतींना कान नसतात, शिपाई असतात.

"मॅडम," ती म्हणाली, "पप्पांनी चोरी केली असेल तर तसंच लिहा. मी नाही रडणार. पण आधी नीट पाहा."

एवढं बोलून ती रडलीच.

२

महामारीच्या थोडं आधी कॉलेजनं प्रत्येक इमारतीला नवे मीटर बसवले होते. ते मीटर दर अर्ध्या तासाची नोंद ठेवत आणि ती नोंद कोणी म्हणजे कोणी वाचत नसे. महिन्याचा आकडा घेतला, झालं. गीतांजलीबाईंनी संगणकावर त्या एप्रिलचा एकेक दिवस उघडला.

मोहरीलांच्या दोन शंका होत्या. एक, जानरावनं मागच्या वस्तीला तार टाकून वीज दिली. दुसरी, कोणाचे तरी ते आभासी नाणी तयार करणारे संगणक बंद खोल्यांमधून चालवले. बाईंनी दोन्ही तिथल्या तिथं निकालात काढल्या. संगणक रात्रंदिवस चालतात, त्यांची रेघ सपाट येते. वस्तीला वीज गेली असती तर एप्रिलच्या रात्रभर कूलर घुमले असते. इथं तसं काहीच नव्हतं. इथं रोज तीन टेकड्या होत्या. एक सकाळी, एक दुपारी, एक रात्री. एकदम चढायच्या, थोडा वेळ टिकायच्या, एकदम उतरायच्या. बाकी दिवसभर दोन-चार पंखे फिरावेत इतपत वीज.

असा झटक्यात चढणारा आणि उतरणारा दांडगा एकच. गिझर.

"अगं बाई!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एप्रिलच्या भिलाईत गरम पाण्यानं आंघोळ कोण करतो?"

एप्रिलच्या भिलाईत नळाचं पाणीच अंग भाजून काढतं. माणसं बादली भरून रात्रभर ठेवतात आणि सकाळी अंगावर घेतात. मग हे कोणते शहाणे दिवसातून तीनदा पाणी तापवत होते?

त्या काळात कॉलेजच्या आत येणारा माणूस म्हणजे मेसचा कंत्राटदार केवलराम साहू. त्याच्यावरही काहींचा डोळा होता, कारण त्याचे मोठे फ्रीज होस्टेललाच लागून होते. बाईंनी त्याला गाठलं तेव्हा तो कढईपुढे बसून घाम पुसत होता.

"मेरा फ्रिज तो बंद पड़ा था, मैडम. अंदर चूहा-मुसवा घुस गया था, पूरा तार काट डाला," केवलराम छातीवर हात ठेवून म्हणाला. "मैं हफ्ते में एक बार आता था, सिलेंडर देखने. बस."

"होस्टेलच्या बाजूला काही दिसलं?"

तो घुटमळला. मेलेल्या दोस्ताविषयी बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "एक चीज़ देखी थी. किसी को बताया नहीं. होस्टेल की नाली से काला पानी बहता था. एकदम काला. और गरम, भाप निकलती थी. मैं बोला, जानराव भैया, ये क्या धो रहे हो? वो हँस दिए. बोले, पाप धो रहा हूँ, केवल."

गीतांजलीबाई उठल्या त्या थेट होस्टेलच्या मागच्या नालीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नाली कोरडी होती, वर्षं लोटली होती. पण काळं पाणी त्यांना परकं नव्हतं. त्यांचे बाबा कोक ओव्हनला होते. दगडी कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्या त्या, माणूस तिथून घरी येई तो नुसते डोळे आणि दात घेऊन. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये बाबा आंघोळीला बसले की मोरीतून असंच पाणी वाही, आणि आई ओरडे, "आधी गरम पाणी घ्या, थंड्यानं ते निघत नाही."

प्लांटमध्ये दिवस तीन पाळ्यांचा. पाळी सुटायची आणि सायकलनं इथवर यायला लागेल तेवढ्या वेळानं इथं टेकडी उभी राहायची. सकाळी, दुपारी, रात्री.

बंद होस्टेलात वीज चोरली जात नव्हती. तिथं माणसं राहत होती.

३

"अशक्य!" प्राध्यापक नरेश बिसेन म्हणाले. ते त्या वेळी होस्टेलचे वॉर्डन होते. "मी स्वतः कुलूप लावलं होतं. प्रशासनाचा आदेश होता, एक माणूस आत नको."

"चावी?"

"जानरावकडे. तो केअरटेकरच होता ना."

"खोल्यांची चावी हो. मी गिझरच्या पॅनलची विचारते आहे."

बिसेन सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

गोष्ट अशी होती. काही वर्षांपूर्वी एका गिझरनं एका विद्यार्थ्याला करंट दिला होता. पोरगा वाचला, पण तेव्हापासून सगळ्या गिझरचं पॅनल वेगळ्या खोलीत बंद असे आणि तिची चावी फक्त वॉर्डनकडे. हे बाईंना निशानं सांगितलं नव्हतं, जानरावनं तर नाहीच. पॅनलच्या दारावरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, चावी वॉर्डनकडे मिळेल. बाई नालीपासून परतताना तेच वाचून आल्या होत्या.

"चावी मध्ये हरवली होती माझी," बिसेन म्हणाले.

"आणि जानराव मेल्यावर सापडली? वा! म्हणजे चोर मेला म्हणून वीज थांबली नाही. कोणीतरी पॅनलला पुन्हा कुलूप घातलं. जानराव तर घालणार नव्हता, सर. तो दवाखान्यातून परतलाच नाही."

मग बिसेन सरांचा आवाज आला, तो एकदम म्हाताऱ्या माणसाचा.

"दिली मी चावी. जानराव हात जोडून आला होता. म्हणे, सर, ठेक्यावरचे पोट्टे आहेत, कोळशातून येतात, घरी म्हातारेकोतारे आहेत. खोल्या रिकाम्या पडल्या आहेत, झोपू द्या. मी म्हटलं, लेखी नाही देत, पण घे. वाटलं, एवढं तरी करावं. मग जानरावच गेला, आणि मी घाबरलो. आदेश मोडून माणसं ठेवली, त्यात एक मेला, असं म्हणाले असते. मी पॅनल बंद केलं, पोरांना जायला सांगितलं."

"आणि आज तो चोर ठरतो आहे तर गप्प बसलात. लाज नाही वाटली?"

"वाटते ना. झोप येत नाही." त्यांनी मान वर केली नाही. "पण निव्वळ भित्रेपणानं गप्प नाही बसलो, मॅडम. मी शब्द दिला आहे."

"जानरावला?"

"नाही. एका जिवंत माणसाला. त्याचं नाव मी नाही सांगणार, समितीनं काढून टाकलं तरी नाही."

४

चरोद्याला जानरावचं घर रेल्वेच्या यार्डापासून जवळच होतं. मालगाडीचे डबे एकमेकांना धडकले की भिंतीवरचा बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो थरथरे. निशा कामावर होती. जानरावची बायको भागीरथा अंगणात गहू निवडत बसली होती.

"या मॅडम, बसा. निशीनं सांगतलं तुमचं. खरं सांगा, पोरीचं होईल ना?"

"तेच पाहायले आले मी, भागीरथाताई. जानराव त्या दिवसांत घरी येत होते का?"

"कुठचं! होस्टेललेच झोपत. चौकीदारी करा लागते म्हने. डबा नेयाले तेवढे येत, तेबी अंगनातूनच. आन् भाकरी किती नेत, सांगू! मी म्हनो, अवो, एकल्या मानसाले एवढ्या कायले? तं म्हनत, रात्री भूक लागते." ती हसली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. "मानूस पाहता पाहता गेला, मॅडम. तोंडबी नाई पाहू देलं आमाले. पिशवीतच नेलं."

बाईंनी तिला थोडं रडू दिलं. असल्या वेळी समजूत घालणारे लोक त्यांना आवडत नसत.

"निशाला भाऊ आहे म्हणे, कुठं असतो तो?"

"अमरदीप? पावर हाउसच्या बाजारात खोली केली त्यानं. मोटारी भरते, वाइंडिंगचं काम. पयले प्लांटमधी होता ठेक्यावर, कोक ओव्हनले. बाप गेला आन् त्यानं तेबी सोडलं." तिचे हात गव्हात थांबले. "इकडं येतच नाई तसा. सनावाराले येते तं उभ्या उभ्या. पैसे देते निशीच्या हाती, पानी बी नाई पीत. चार वर्सं झाले, माह्या हातचा घास नाई खाल्ला त्यानं."

"कावून बरं?"

"त्यालेच ठाऊक."

"आणि त्या एप्रिलमध्ये, जानराव आजारी पडले तेव्हा अमर कुठं होता?"

"ठेकेदारानं पोट्ट्यायले आतच ठेवलं होतं ना, प्लांटमधी. तसंच सांगतलं होतं त्यानं."

त्या एप्रिलमध्ये गीतांजलीबाई स्वतः नोकरीत होत्या. तोंडाला रुमाल बांधलेल्या ठेका मजुरांची रांग रोज गेटबाहेर पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. कोक ओव्हनच्या एकाही ठेकेदारानं एकाही पोराला आत ठेवलं नव्हतं. अमरदीप खोटं बोलला होता, आणि माणूस आईशी उगाच खोटं बोलत नाही.

"जानराव शेवटचे घरात कधी आले होते?" त्यांनी सहज विचारलं.

"जयंतीले," भागीरथा म्हणाली आणि थांबली. चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. तिचा चेहरा असा झाला की जणू कोणी दार लावून घेतलं. "जयंतीले आले होते. मेनबत्ती लावाले." मग सूप उचलून ती आत निघून गेली आणि भांडी घासायला लागली. ती भांडी घासलेलीच होती.

५

पावर हाउसच्या बाजारात, स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत, अमरदीपचं दुकान म्हणजे एक शटर आणि आत तांब्याच्या तारांचे गुंडाळे. तिशीचा पोरगा, पण केस पिकायला लागलेले.

"मोटर जल गई क्या, मॅडम?" त्यानं विचारलं.

"तुझ्या पप्पांले चोर लिहिलं आहे कॉलेजनं," बाई म्हणाल्या. त्यांना वळणावळणानं बोलता येत नसे. "होस्टेलची वीज चोरली म्हणून. शुक्रवारी त्यावर शिक्का बसतो. निशाची नोकरी गेली समज."

त्याच्या हातातली मोटर खाली पडली. "निशीनं मले काईच नाई सांगतलं."

"कशी सांगणार? तू घरी बसतोस कधी? ती वीज कोणी जाळली ते मला माहीत आहे, अमरदीप. बिसेन सरांनी तुझं नाव घेतलं नाही. काळ्या पाण्यानं घेतलं, आणि ठेकेदाराच्या नावावर तू आईला सांगितलेल्या खोट्यानं."

अमरदीपनं शटर अर्धं खाली ओढलं. मग त्या अर्ध्या अंधारात तो बोलत गेला.

"आमी सात जन होतो. सारे ठेक्यावाले, सारे एका एका खोलीत राहनारे. कोनाची आजी, कोनाचं तान्हं लेकरू. भट्टी तं बंद होत नाई ना, मॅडम. सारं शहर दारं लावून घरात बसलं होतं, आन् आमी कोळशात. घरी जावं तं घरचे मरतीन, नाई जावं तं झोपावं कुठी? पप्पा म्हने, मी करतो. पाळी सुटून आमी यायच्या टायमाले गिझर लावून ठेवत. म्हनत, आधी सगळं धुवा, मंग जेवा. मायच्या भाकरी सगळ्यायले वाटून देत. आमच्यापासून लांब बसत, दारात."

"मग?"

"मंग मले ताप आला. मी नाई सांगतलं कोनाले. म्हनलं, उनाचा असंल, भट्टीवर तं रोजच अंग तापते. सांगतलं असतं तं मजुरी गेली असती, साऱ्यायची खोली गेली असती. रात्री मी कन्हत होतो, तं पप्पा आले. लांब नाई बसले त्या रात्री. ओल्या फडक्यानं माह्यी पाठ पुसत राहिले. सकाळी मी बरा. पाच-सहा दिवसानं पप्पाले ताप." त्यानं हाताच्या पंजानं तोंड झाकलं. "त्या सहा जनाच्या घरी कोनी नाई गेलं, मॅडम. एक म्हातारं मानूस नाई गेलं. सारे जगले. माह्याच घरी गेलं, आन् ते म्याच नेलं."

आपल्या टेकड्यांवर, आपल्या गिझरवर गीतांजलीबाई दोन दिवस केवढ्या खूश होत्या! कोडं सुटत होतं ना. आता कोडं सुटलं होतं आणि हातात काय आलं, तर हे पोरगं.

"बिसेन सरले मीच म्हनलं, मायले सांगू नका. ती मले काय म्हनंल? नवरा खाल्ला तू माह्या, हेच ना? म्हून जात नाई मी घरी. तिच्या ताटासमोर बसलो का घास उतरत नाई."

"तुझं दुःख मला समजतं," बाई म्हणाल्या. "पण शुक्रवारी तू आला नाहीस, तर ज्यानं सहा घरं वाचवली त्याच्या नावापुढे कायमचं चोर लागेल. ठरव."

बाई निघाल्या तेव्हा तो पडलेल्या मोटरीकडे बघत होता.

६

शुक्रवारी समिती बसली. मोहरील, आणखी तिघं सदस्य, कोपऱ्यात बिसेन सर. गीतांजलीबाईंनी टेकड्या दाखवल्या, गिझर सांगितले, पाळ्या सांगितल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तर्क सुंदर आहे, मॅडम," मोहरील म्हणाले. "पण माणूस कुठं आहे? तिथं राहिलेला एक तरी माणूस दाखवा. नाहीतर हा तुमचा अंदाज झाला, आणि जानरावची चावी हे सत्य."

बाईंनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. समितीतल्या एकानं पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात बाहेर निशाचा आवाज आला, "दादा, इकडून."

अमरदीप आत आला. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं वरखाली लागलेली. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"वो बिजली हमने जलाई, सर," तो म्हणाला. "हम सात लोग थे, कोक ओवन के. बाकी छह के नाम चाहिए तो सब आएँगे, मैंने पूछ लिया है. मेरे बाप ने चोरी नहीं की. उन्होंने हमें सोने को जगह दी." मग मराठीत, जणू स्वतःलाच सांगावं तसं म्हणाला, "आन् त्यातच ते गेले."

बिसेन सर उभे राहिले. "पॅनल मी उघडलं. परवानगी माझी. जानराव गेल्यावर कुलूपही मीच घातलं, आणि इतकी वर्षं तोंडालाही. जी कारवाई करायची ती माझ्यावर करा."

मोहरील माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त चित्र सुंदर लागे. त्यांनी ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली. निशाचा कागद पुढे सरकला आणि एकानंही हरकत घेतली नाही.

"पण मग हा डोंगर काय म्हणून दाखवायचा, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं. "कॉलेज तर बंद होतं."

"कॉलेजचीच वीज म्हणून दाखवा. धूर झाला, आपण केला. त्या वर्षी या आवारात माणसांच्या कामी आलेली वीज तेवढीच होती. ती लपवून हिरवं व्हायचं असेल तर माझी सही मिळणार नाही."

डोंगर अहवालात राहिला.

व्हरांड्यात निशानं भावाचा हात घट्ट धरला होता. तिला आत्ता, दारामागून, सगळं कळलं होतं. ती त्याच्यावर चिडली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "दादा, आईले कोण सांगन?"

अमरदीपनं गीतांजलीबाईंकडे पाहिलं. "तुमी चाला सोबत, मॅडम. मले एकल्याले नाई जमनार."

७

भागीरथा अंगणात होती. मुलगा, मुलगी आणि मॅडम तिघं एकदम दारात पाहून ती लगबगीनं उठली. "झालं का पोरीचं?"

"झालं, आई," निशा म्हणाली. "पप्पांवरचा आळही काढला."

भागीरथानं बाबासाहेबांच्या फोटोकडे हात जोडले. वळून बघते तर अमरदीप तसाच उंबऱ्याबाहेर उभा. आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यानं सांगितलं. होस्टेल, सात जण, भाकरी, ताप. ओलं फडकं. एकेक शब्द त्यानं असा काढला, जसा पायातून काटा काढावा. शेवटी म्हणाला, "म्या मारलं पप्पाले, माय. तू काय म्हनशीन ते म्हन."

भागीरथा खाली बसली. ओरडली नाही, छाती पिटली नाही. मग तिनं विचारलं, "तुले ताप आला तो जयंतीच्या आधी का मागून?"

"आधी. दोन दिवस आधी."

"मले जयंतीलेच होता," ती म्हणाली.

निशानं चमकून आईकडे पाहिलं.

"सकाळपासून अंग फनफनत होतं. म्या बी म्हनलं, उनाचा असंल. ते मेनबत्ती लावाले आले. अंगनातूनच जात होते, म्याच म्हनलं, अवो, बाबासाहेबाची जयंती आहे, दोन घास तं खा घरात बसून. किती दिवसाचे बाहेर आहा. मंग खीर खाऊ घातली, या हातानं. ताप आहे म्हून सांगतलं नाई, नाई तं ते थांबले नसते ना. मले त्यायले थांबवाचं होतं." तिनं गीतांजलीबाईंकडे पाहिलं. "मॅडम, तुमी एवढं सारं शोधून काढलं. मंग हे बी सांगा. कोनाचा होता तो ताप? याचा का माह्या?"

गीतांजलीबाईंनी त्या महिन्यातला प्रत्येक अर्धा तास पाहिला होता. कोणत्या रात्री किती पाणी तापलं हेही त्या सांगू शकल्या असत्या. त्या भागीरथेजवळ जमिनीवर बसल्या.

"ते नाही सांगता येत, भागीरथाताई. मलाही नाही आणि कोणालाच नाही."

भागीरथानं मान हलवली. मग तिनं आपले दोन्ही हात पुढे धरले आणि मुलाला म्हणाली, "चार वर्सं तू माह्या हातचं खाल्लं नाई, अमर. मले वाटे, तुले समजलं. याच हातानं मायनं बापाले मारलं, हे तुले ठाऊक झालं, म्हून तू या हातचा घास घेत नाई."

"नाई वो माय!" अमरदीप उंबरा ओलांडून धावला. "नाई, नाई वो..."

त्यानं तिचे हात आपल्या तोंडावर धरले आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला. निशाही रडत होती. यार्डात कुठंतरी डबे धडकले, पण घरातल्या कोणी ते ऐकलं नाही.

गीतांजलीबाई हळूच उठल्या आणि फाटकाकडे निघाल्या. मागून भागीरथेचा आवाज आला. ती मुलाशी बोलत होती, आणि आवाज रडून रडून बसला होता.

"भाकरी टाकतो," ती म्हणत होती. "बस. खाल्ल्याबिगर जाऊ नको आता."